माझ्या हनुवटीचं ब्लेड

आमच्या बाथरूमच्या फळीवर दोन सेफ्टी रेझर आहेत. जाड दांड्याचा, वजनदार आहे तो यांचा. बारका, हलका आहे तो माझा.

कॉलेजात होते तेव्हापासून माझ्या हनुवटीवर केस येतात. लव नव्हे, चांगले काळे, राठ, वळलेले केस. डॉक्टरांनी हार्मोनचा दोष सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पाळी सुधारली, केस तसेच राहिले. मग इथं सिकंदराबादजवळ, तारनाक्याला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एक पार्लरवाली दातात दोरा धरून ते उपटायची. डोळ्यांतून पाणी गळायचं. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा खुंट वर. ऑफिसात कुणी समोर येऊन बोलायला लागलं की माझा हात आपोआप हनुवटीवर जायचा. लोकांना वाटायचं, बाई फार विचार करून बोलतात.

नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? एका घरात राहतो आम्ही. पण त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. मी "पार्लरला जाऊन येते" म्हणायची, ते "हौ, ये" म्हणायचे. तेवढंच.

मग लॉकडाउन लागला आणि पार्लर बंद झालं. बाहेर पडताना तोंडाला मास्क असायचा. सगळं जग त्याला कंटाळलं होतं, मला मात्र तो सोडवत नव्हता. घरात काय करणार? आधी चिमट्यानं उपटून पाहिलं. मग खालच्या किराणा दुकानातून प्लॅस्टिकचा एक रेझर आणला, फेकून द्यायचा असतो तसला. तो केस कापायच्या ऐवजी ओढायचा. ओढला की मी आणखी दाबायची. आठवड्याभरात हनुवटीवर लाल पुटकुळ्या उठल्या, कातडीत उलटे वाढलेले केस ठसठसायला लागले. चूळ भरताना पाणी लागलं तरी आग व्हायची.

एका रविवारी सकाळी मी आरशासमोर उभी होते, दार नुसतं लोटलेलं. हे टॉवेल घ्यायला आले. मी रेझर मुठीत लपवला, पण भरलेले डोळे कुठं लपवणार?

टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी माझ्या हनुवटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "त्यानं नको करू. थांब जरा."

गेले ते गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा घेऊन आले. "हा धर हनुवटीवर. केस आधी मऊ होऊ देत."

मी म्हटलं, "अहो, लोक म्हणतात दाढी केली की केस जाड होतात."

"मी इतकी वर्षं करतोय, माझी काय झाडं झाली का? कापलेलं टोक बोटाला टोचतं, म्हणून तसं वाटतं." हे सांगताना त्यांचेही कान लाल झाले होते.

यांना रेझरचं वेड होतं, हे मला माहीत होतं. सासरे रेल्वेत होते, सिकंदराबादला. त्यांचा जुना पितळी रेझर हे अजून वापरतात. बिस्किटांच्या डब्यात निरनिराळ्या ब्लेडच्या पुड्या असतात, आणि नवीन पुडी आणली की दोन दिवस गाल चोळत फिरतात. मी त्यावर हसायची. त्या दिवशी तो डबा त्यांनी माझ्यासमोर उघडला.

पहिला प्रयत्न फसला. त्यांनी आपल्याच रेझरमध्ये सगळ्यात धारदार ब्लेड घातलं आणि तो माझ्या हातात दिला. हनुवटीच्या वळणावर सर्रकन कापलं. रक्त थांबेना. ते माझ्याहून जास्त घाबरले. तुरटीचा खडा दाबून धरत म्हणाले, "चुकलं माझं. या रेझरची फट मोठी आहे, ब्लेड फार बाहेर येतं. त्यात तेज ब्लेड म्हणजे... बाबांची दाढी कसली होती, तुला कसं चालेल ते?"

पुढच्या खेपेला त्याच रेझरमध्ये त्यांनी मवाळ ब्लेड घातलं. कापलं नाही, पण राठ केस ओढला गेला. तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं: केस राठ आहे म्हणजे ब्लेड तेजच हवं, कातडी नाजूक आहे म्हणजे रेझर मवाळ, कमी फटीचा हवा. एकानं कापायचं, दुसऱ्यानं सांभाळायचं.

दुकानं उघडल्यावर आम्ही स्कूटरवरून सिकंदराबादला गेलो. एका जुन्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं काचेवर चार-पाच रेझर मांडले आणि यांच्याकडं बघून विचारलं, "साहब, आपकू होना?" तुम्हाला हवाय का, असं.

यांनी माझ्याकडं पाहिलं. नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं, आणि मला रागही आला नसता. पण त्यांनी तसं केलं नाही. बोलणं माझ्यावर सोडलं.

मी म्हटलं, "नहीं. मेरेकू होना."

माझा आवाज दुकानभर झाला असं मला वाटलं. शेजारी साबण घेणारी बाई वळली. दुकानदार म्हणाला, "तो आप पकड़ के देखो ना अम्मा, हाथ में बैठता के नहीं." आणि एकेक रेझर त्यानं माझ्या हातात दिला. हे बाजूला उभे राहून ब्लेडची फट डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. फट सगळ्यात कमी होती तो, बारक्या दांड्याचा, आम्ही घेतला.

त्यानंतरचे रविवार मला फार आवडायचे. रेझर तोच, ब्लेड दर वेळी वेगळं. मी फेस लावून, केस झुकतात त्या दिशेनं, अजिबात न दाबता रेझर फिरवायची आणि हे दाराच्या चौकटीला टेकून डॉक्टरासारखे विचारायचे, "ओढलं का? आग होतेय? उद्या सकाळी परत सांग." एक ब्लेड ओढायचं, एक पहिल्या दिवशी छान आणि दुसऱ्या दिवशी खरखरीत. शेवटी एक सापडलं. रेझर फिरला आणि मला कळलंच नाही. मी म्हटलं, "अहो, लागलंच नाही." त्यांनी हात पुसला आणि बोटाच्या मागच्या बाजूनं माझी हनुवटी चाचपली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिथं त्यांनी हात लावावा आणि मी मान मागं घेऊ नये, असं पहिल्यांदाच झालं.

पुटकुळ्या गेल्या, डाग फिके झाले. आता एक दिवसाआड पाच मिनिटांत काम होतं.

गेल्या वर्षी आई परभणीहून राहायला आली. सकाळची वंदना आटोपून ती बाथरूमकडं आली, तर मी तोंडाला फेस लावून उभी. ती दारातच थबकली. "अगं बाई! दाढी करतीस?"

मी काही म्हणायच्या आत हे आतल्या खोलीतून म्हणाले, "आई, नवीन ब्लेड घातलंय, तिला बोलायला लावू नका. चहा घ्या."

आई चहा न घेता तिथंच उभी राहिली. माझं झाल्यावर तिनं जवळ येऊन गालाला, हनुवटीला हात लावला. मग सांगायला लागली, की मी कॉलेजात होते तेव्हा ती मला समोर बसवून मसुरीचं पीठ चोळायची, अन् या पोरीचं कसं व्हायचं म्हणून रात्री तिला झोप यायची नाही. मला ते पीठ आठवतं, तिची काळजी मात्र तेव्हा कळली नव्हती. "मऊ झाली की गं," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

दुपारी ती मावशीशी फोनवर मोठ्या आवाजात बोलत होती. मावशीच्या सुनेलाही हाच त्रास आहे म्हणे. "दोरा-बिरा काही करू नको म्हणावं तिला. आमच्या जावयाला फोन कर. कोणत्या रेझरला कोणतं ब्लेड, ते सगळं सांगतेत."

हे सोफ्यावर पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मी पेपर खाली केला, तर हसत होते. त्या संध्याकाळी मावशीच्या सुनेचा फोन खरंच आला. लाजत होती, आधी माझ्याशीच बोलली. मग म्हणाली, "दाजींना देता का जरा?" मी फोन त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिले. केस राठ आहेत का, कातडी कोरडी आहे का, असं ते तिला हळू आवाजात एकेक विचारत होते, आणि माझ्या मनात या माणसाविषयी जे दाटून आलं होतं, ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही.