तारांतून येणारी ऊब

वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन लातूरला ठरलं, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र नुकतंच झाकण लावून थंड करायला ठेवलं होतं. नांदेडला एम.एस्सी. करून मी बंगळूरच्या या प्रयोगशाळेत लागले होते. डोळ्यांना न दिसणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं आम्ही उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांच्या अगदी जवळ नेतो. त्याखाली थंडी नाहीच. यंत्रातली चिप मी वर्षभर खपून बनवली होती.

ऑपरेशन नीट झालं. वडील वॉर्डात आले त्या दुपारी माझ्या सहकाऱ्याचा फोन आला.

"चिप थंड झालीय, पण आतले इलेक्ट्रॉन गरमच आहेत."

इतक्या थंडीत इलेक्ट्रॉन भोवतालच्या धातूला उष्णता देईनासे होतात, आणि बाहेरची ऊब तारांतून आत येत राहते. ती अडवायला तारा आधी तांब्याच्या भुकटीने भरलेल्या डबीतून न्यायला हव्या होत्या. घाईत ते पुढच्या वेळेवर ढकललं होतं.

"तू कधी येतेस?"

"वडील चालायला लागले की."

"मग मी उघडू?"

माझ्या चिपला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नसे. अंगावरची स्थिर वीज नुसती लागली तरी ती जळते.

"उघड. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून घे. मी फोनवर आहे."

फोन स्पीकरवर होता, वडील ऐकत होते. "कोनाला ताप आलाय म्हनतंय ते पोरगं?"

"इलेक्ट्रॉनला."

"मग तुला जायाला पायजे."

"न्हाई जात."

"ते पोरगं नीट करंल का?"

"करंल," मी म्हणाले, पण खात्री नव्हती.

यंत्र पुन्हा साध्या तापमानाला यायलाच दोन दिवस गेले. मग दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी सहकाऱ्याला फोनवर एकेक तार डबीतून कशी न्यायची ते सांगत गेले. चिपवर दोन उपकरणं होती, त्यातलं एक जळालं. त्याने ते लगेच सांगितलं. मला राग आला, रडूही आलं. त्याला मात्र "पुढं कर" एवढंच म्हणाले. दुसरं पुढच्या आठवड्यात थंड झालं. हवं तितकं नाही, पण मोजता येईल इतकं. त्याने पाठवलेला आलेख मी वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि "बरं झालं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गाडीने घरी, अहमदपूरला आणलं. आयुष्यभर एसटी चालवलेले वडील मागच्या सीटवरून ड्रायव्हरला प्रत्येक गतिरोधक आधीच सांगत होते.