झेरॉक्सची लाइन

अमरावतीत आमच्या कॉलेजसमोर एका वऱ्हाडी माणसाचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी मानसशास्त्र शिकवते. माझ्या नोट्स दरवर्षी त्याच्याच मशीनमधून निघतात आणि हा माणूस त्या ओठ हलवत वाचतो. एकदा तर त्याने माझी चूक पेनाने दुरुस्त केली. राग आला, पण चूक होती खरी.

परवा परीक्षेच्या सकाळी दुकानात ही गर्दी! एक मुलगी रडवेली झाली होती. "काका, हे मनाचं इदम्, अहम्, पराहम् डोक्यातच नाई घुसून राहिलं."

"काहून नाई घुसत? ही लाइन पाय ना," मशीन न थांबवता तो म्हणाला. "मले आताच्या आता पायजे, हा इदम्. गुमान नंबरात उभी राय, हा पराहम्. आन् 'काका, माहं एकच पान हाय, मंधात काढून देता काय?' हा अहम्!"

मुलगी डोळे पुसत खो खो हसली. मी नेमकं तेच बोलायला पुढे आले होते. हातातलं एकुलतं पान पदराआड घेऊन मी मुकाट्याने लाइनीच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

"आना ते पान, मॅडम," तो तिथूनच ओरडला. "एवढा पराहम् बरा नाई तब्येतीले!"