दारातलं संकट

सकाळी लॅपटॉपवर लाल चौकट उगवली: व्हायरस शिरलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा. माझा हात मोबाइलकडे गेलाही. समोर मटार सोलत बसलेली आई म्हणाली, "दारात येऊन 'घरावर संकट आहे' म्हणणाऱ्याला मी कधी आत घेतलं का?"

मी ते पान बंद केलं. तरी कोपऱ्यात इशारे येतच राहिले. मग आठवलं, लोणच्याची कृती शोधताना एका साइटने 'सूचना पाठवू का?' विचारलं होतं आणि मी न वाचताच हो म्हटलं होतं. म्हणजे बसायला पाट मीच दिला होता. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढली, कोपरा गप्प झाला.

खोट्या भीतीला सावकाशी सोसत नाही. एवढ्या गोंधळात आईचा एकही दाणा ताटाबाहेर पडला नव्हता.