न लावायची जोड

सात रस्त्याजवळ माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बॅटी, कॅरमची पावडर, शाळांना लागणारी लेझमं, बॅडमिंटनची फुलं, यावर ते चालतं. काचेच्या कपाटात बॉक्सिंगचे लाल हातमोजेही आहेत. ते मी हौसेनं आणले. सोलापुरात ते कुणी घेणार नाही, हे आणतानाच ठाऊक होतं. मोज्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही, पण त्यांच्यामुळे कट्टा जमला.

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा दोघं जण हमखास येतात. एक बँकेतून निवृत्त झालेले, दुसरे चादरीच्या कारखान्याचे मालक, घरी तेलुगू बोलणारे. मोबाइलवर जुन्यानव्या लढती बघून बघून आम्हाला एक खेळ सापडला. हेवीवेट बॉक्सर घ्यायचे, एक एका काळातला, दुसरा दुसऱ्या काळातला, आणि त्यांची जोड लावायची. परदेशी नावं आमच्या जिभेवर नीट बसत नाहीत, म्हणून आम्हीच त्यांची बारशी केली. काळ्यापांढऱ्या फितीतला तो म्हातारबा. त्यानंतरचा, पाय एका जागी ठरत नाही तो नाचरा. एका ठोशात माणूस आडवा करणारा तो घण. आणि आजचा, ताडमाड उंच, तो खांब.

नियम एकच: दोघंही ऐन भरातले धरायचे. नाचऱ्याच्या उतारवयातली फीत दाखवून कुणी वाद घातला तर तो वाद बाद.

बँकवाल्यांचा कल आजच्या पोरांकडे. "अहो, वजन बघा, खुराक बघा. खांबानं नुसता हात लांब केला तरी नाचरा जवळ येणार नाही."

"पण खांब दमतो की!" कारखानदार खुर्चीवरून उठायचे. "त्या काळी पंधरा राउंड असायचे. ह्याला बाराव्यालाच खुर्ची लागते. पंधरा खेळून दाखव म्हणावं!"

शेवटी निकाल मी द्यायचा. दुकान माझं, खुर्च्या माझ्या, त्यामुळे पंचही मीच. न झालेली लढत मी अशी सांगायचो की जणू कोपऱ्यात टॉवेल धरून मीच उभा होतो. पहिले राउंड खांबाचे, मग त्याचे पाय जड होतात, मग नाचरा बरगडीत घुसतो. दोघं ऐकत राहायचे आणि मला चढत जायचं. मी आयुष्यात कुणाला चापटही मारलेली नाही. पण कुणी कुणाला लोळवलं असतं ते मी छातीठोक सांगू शकतो.

बायको एकदा डबा द्यायला आली होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "मेलेल्या नि म्हाताऱ्या माणसांना कशाला झुंजवताय? त्यांचं खेळून झालंय की." आम्ही तिघंही हसलो. बायकांना यातलं काय कळतंय, असंही मी वर म्हणालो.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं तिथंच एक मुलगा पसंत केला. मुलगा टेंभुर्णीचा, घरी शेती आणि खताचं दुकान, माणसं चांगली. आमची काही हरकत नव्हती. फक्त मुलाचे वडील जुन्या वळणाचे, दोन्ही घरांचं जुळतंय का ते स्वतः बघितल्याशिवाय पुढं जाणार नाहीत, असं तिनं सांगितलं होतं. तेव्हा एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे निघालो. गाडीत मुलगी मागून म्हणाली, "अप्पा, तिथं बॉक्सिंग काढू नका हं."

तिचा शब्द मी पाळला. बॉक्सिंग काढलं नाही. कुस्ती काढली.

मुलाचे वडील दारात उभे राहिले तर दार भरून गेलं. मोडलेले, गाठी झालेले कान. एके काळचे नावाजलेले पैलवान. बोलणं मात्र अगदी मऊ. "या पाव्हणं, बसा. ऊन लई हाय." सोप्यात समोरच्या भिंतीवर त्यांच्या वस्तादांचा मोठा फोटो होता, ताज्या फुलांचा हार घातलेला. त्याच्या खाली, बराच लहान, त्यांचा स्वतःचा फोटो, खांद्यावर गदा घेतलेला. चहा घेण्याआधी त्यांनी वस्तादांच्या फोटोला हात जोडले, मग कप उचलला.

बोलणं छान चाललं होतं. पोहे झाले, पावसापाण्याचं झालं. मग त्यांनी त्यांच्या काळातल्या कुस्त्या सांगितल्या आणि मी रंगात आलो. माझं मूळ गाव वळसंग. तिथल्या जत्रेतले कुस्त्यांचे फड मी लहानपणापासून बघितलेले. म्हणजे जे मी पुढं बोललो ते चूक आहे हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही. एका तालमीतल्या दोन पठ्ठ्यांची जोडसुद्धा आमच्याकडे फडात लावत नाहीत. वस्ताद आणि शिष्याची जोड तर कुणी मनातही आणत नाही. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. पण रोज दुपारी निकाल देऊन देऊन माझी जीभ सैल सुटलेली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दोन्ही फोटोंकडे बोट करत मी म्हणालो, "समजा हं, ऐन भरातले तुमचे वस्ताद आणि ऐन भरातले तुम्ही. जोड लावली तर कुस्ती कोण मारेल?"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. बायको माझ्या कोपराला चिमटा घेत कानडीत पुटपुटली, "सुम्म कुंड्री." गप्प बसा.

मुलाच्या वडिलांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लागली हुती."

आणि त्यांनी सांगितलं. सांगायचं नव्हतं त्यांना, ते दिसत होतं. पण पाहुण्यानं विचारलं, त्याला खोटं कसं सांगायचं, म्हणून सांगितलं.

"त्यांनी मला पोटच्या पोरावानी वाढवला. एक दिस सकाळच्या सरावाला मला म्हनाले, ये. मी अंग चोरून खेळाय लागलो. तसं ते चिडले. खरं खेळ, न्हाईतर लंगोट सोड म्हनाले. मग खेळलो खरं." त्यांनी वस्तादांच्या फोटोकडे बघितलं. "माझा ढाकेचा डाव बसला. पाठ टेकली त्यांची. समदी पोरं बघत हुती. उठले, अंगावरची माती झाडली, माझ्या पाठीवर थाप मारून शाबास म्हनाले. पर त्या दिसापास्नं परत तालमीच्या हौद्यात उतरले न्हाईत. काठावर बसून सांगायचे. ऱ्हायलेलं समदं आयुष्य काठावरच बसले."

खांद्यावरच्या टॉवेलानं त्यांनी तोंड पुसलं. "ह्या पोराला बी म्हाईत न्हाय ह्ये. कुनी इचारलंच न्हवतं की कवा."

मुलगा बापाकडे बघत राहिला. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. तेव्हा तरी मी गप्प बसावं की नाही? पण सवय वाईट. माझ्या तोंडून आपोआप निकाल बाहेर पडला. "म्हणजे मारणार तुम्हीच."

हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात. चालता चालता मी मध्येच "शी!" म्हणतो आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतात. मुलाचे वडील उठून आत गेले आणि आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

परतताना मोहोळ मागं पडलं. मी एकदा म्हणालो, "मी आपलं सहज विचारलं." बायकोनं खिडकीची काच खाली केली.

मला वाटलं, मोडलं. पुढचे दिवस मी दुकानात बसून फक्त फोनकडे बघायचो. पोरीनं स्वतः शोधलेलं, मनापासूनचं स्थळ, आणि बापानं तोंडानं घालवलं. पण निरोप आला तो होकाराचा. सुपारी फोडायला टेंभुर्णीला या, म्हणाले. आनंदानं मी नवा शर्ट इस्त्रीला टाकला. त्या संध्याकाळी पुण्याहून आलेली मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

"अप्पा, सुपारीला मामाच बोलेल. तुम्ही येऊ नका."

"त्यांनी सांगितलंय तसं?"

"नाही. मी सांगतेय."

ती रागावली असती तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. पण ती रडवेल्या आवाजात, माझी समजूत घालत बोलत होती, जशी लहानपणी मी तिची घालायचो. मी बरं म्हणालो. मला ताप आलाय असं सांगायचं ठरलं. इस्त्रीवाल्याकडून शर्ट आला तो घडीसकट कपाटात गेला.

सुपारीच्या दिवशी बायको, मुलगी आणि मामा सकाळीच गेले. घर खायला उठलं, म्हणून मी दुकान उघडलं. दोघं मित्र आले. "बोला, म्हातारबा आणि घण. कोण?" बँकवाल्यांनी सुरुवात केली. मी म्हणालो, आज नको. ते म्हणाले, अहो, निकाल तरी द्या. मी लेझमं मोजायला घेतली आणि दोनदा चुकलो. स्वतःच्या पोरीची सुपारी फुटत होती आणि मी इथं बसलो होतो, कारण माझी तिला लाज वाटत होती. हे त्यांना कसं सांगणार?

जेवणवेळेला मेव्हण्याचा फोन आला. तो दबक्या आवाजात बोलत होता. "दाजी, घरी पळा. ही सगळी माणसं तिकडंच निघालीत."

"कुठं?"

"तुमच्याकडं. पोरीचा बाप आजारी पडलाय आणि आपण हितं सुपारी फोडायची, हे बरं दिसत न्हाय म्हणाले. ताट बांधून गाडीत ठेवलंय. पोरगी नको नको म्हणत होती, पण कोण ऐकतंय!"

मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली. घरी येऊन कपडे बदलले, खाटेवर आडवा झालो, गळ्यापर्यंत चादर ओढली. मे महिना. घाम नुसता वाहत होता. उशाशी औषधाची एक बाटलीही आणून ठेवली. ती बघितली तर खोकल्याची निघाली. या वयात शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा मी पडून होतो आणि बाहेर गाड्यांची दारं वाजत होती.

सगळे आत आले. खोली माणसांनी भरली. बायको माझ्याकडे बघेना. मुलगी पायथ्याशी उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. आता एका शब्दानं तीही खोटी ठरणार होती, तिचा मामाही, तिची आईही. माझ्यामुळे.

व्याही खाटेच्या कडेला बसले. खाट करकरली. त्यांनी आपला रुंद पंजा माझ्या कपाळावर ठेवला. घामानं माझं कपाळ गार पडलेलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची अंगं हातानं ओळखली, त्याला ताप कळणार नाही? मी डोळे उघडले तर ते माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं होतं. मला कळलं, ते त्यांनाही कळलं. हात तिथंच होता. खोलीतले सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"व्हय," ते मोठ्यानं म्हणाले. "लई ताप हाय. उठू नका पाव्हणं. सुपारी हितंच आना रं, पोरीच्या बापापाशी."

ताट आलं. त्यांनी माझ्या कपाळावरचा हात काढला नाही. मी डोळे मिटून घेतले आणि त्या हाताखाली माझं कपाळ खरोखरच तापत गेलं.