चंदेरी मोटरी

माझ्या पत्नीने ऑफिसातली नोकरी सोडली आणि घरात माझी किंमत उरली नाही.

विजया साखर कारखान्यात हिशेब विभागात होती. खुर्ची, पंखा, दिवाळीला बोनस, सगळं होतं. पण सांगलीला तिच्या मामांचं मोटर वायंडिंगचं दुकान, आणि लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिने तिथे काढलेल्या. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, हे तिला बेरजेपेक्षा जास्त आवडायचं. एके दिवशी तिने राजीनामा दिला आणि कराडला आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. मी एका दैनिकाच्या कार्यालयात उपसंपादक आहे. खळबळजनक मजकूर शांतपणे वाचायची सवय असते. मी शांतपणे म्हणालो, "चार दिवस चालेल."

चार दिवसांत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

उसाला पाणी द्यायच्या दिवसांत मोटर जळाली की शेतकऱ्याला देव आठवतो, आणि आमच्या भागात त्या देवाच्या हातात पक्कड होती. लोक तिला काकवी आणत, कोवळी वांगी आणत. मी इतकी वर्षं पहिलं पान लावतोय. एक वांगं कुणी दिलं नाही. माझा अंक दुकानात जायचा, पण ग्रीस पुसायला. मला मत्सर वाटत होता असं म्हणणं अपुरं ठरेल. रात्री झोपेत मी वांग्यांची वाटणी करायचो.

दारात येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा.

"वैनी हायत का?"

"बाहेर गेल्यात. काय काम होतं? मला सांगा."

"तुमी काय करणार?"

(हा प्रश्न उद्धट नसायचा. त्यात खरोखरचं कुतूहल असायचं.)

माझी अपेक्षा मोठी नव्हती. एखाद्याने तरी दारात येऊन "मालक हायत का?" म्हणावं, एवढीच.

भाचीच्या बारशाला विजया सांगलीला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, उजव्या भिंतीच्या मोटरी तयार आहेत, डाव्या भिंतीच्या जळालेल्या. प्रत्येकीवर खडूने नाव आहे. कुणी आलं तर नाव बघून द्या. बाकी कशाला हात लावू नका."

तिची रिक्षा वळणाआड गेली आणि मी हात लावला.

सगळ्या मोटरी तेलकट, कळकट. त्या चकाचक झाल्या तर लोक विचारतील, हे कुणी केलं? खिडकीच्या ग्रिलसाठी आणलेला चंदेरी रंगाचा डबा घरात होताच. डिझेलच्या फडक्याने एकेक मोटर स्वच्छ पुसली. मग रंग. कंपनीच्या नावाच्या पट्ट्यांवरूनही ब्रश फिरवला, कारण अर्धवट काम मला चालत नाही. वाळायला सगळ्या ओढत अंगणात आणल्या आणि उंचीप्रमाणे रांगेत लावल्या. (पान देखणं दिसावं, ही धंद्यातली खोड.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव ट्रॅक्टर घेऊन आले.

"वैनींनी माझी मोटार करून ठेवलीया न्हवं?"

"ठेवलीय की. घ्या."

सर्जेराव रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"माझी निळी व्हती."

"आता चंदेरी आहे."

"व्हय, पण कोंची?"

तेव्हा मला पहिल्यांदा खडू आठवला.

बातमी पसरली. (मी छापलेली कुठलीच बातमी इतक्या वेगाने पसरली नाही.) तासाभरात अंगण भरलं आणि जो तो सगळ्यात थोराड मोटरीवर हात ठेवून "ही माझीच" म्हणू लागला. शेवटी गर्दीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी ताबा घेतला.

"गप बसा समदी! एकेक लावून बघू. फिरली ती तयार, न्हाई फिरली ती जळकी."

योजना निर्दोष होती. पहिलीच मोटर जळकी निघाली. आधी दुकानाचा फ्यूज गेला, मग खांबावरचा. गल्लीतले मिक्सर, टीव्ही आणि कोपऱ्यावरची पिठाची गिरणी एका दमात बंद. आता दळणाचे डबे घेऊन बायकाही आमच्या अंगणात!

सर्जेराव हळूच म्हणाले, "सायेब, आज पाण्याची पाळी हाय माझी. लावण सुकाय लागलीया." ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी सांगलीला फोन लावला.

"काही विशेष नाही. जरा रंग दिलाय."

"कशाला?"

"मोटरींना."

"कुठल्या?"

"सगळ्या."

पलीकडे पाळण्याची गाणी चालली होती. त्यातूनच विजया म्हणाली, "सर्जेराव मोटर न्यायला आले असतील. फोन त्यांना द्या."

घुगऱ्याही न खाता ती मामांची एक चालू मोटर टेम्पोत घालून आली. ती सर्जेरावांना दिली आणि त्यांची पाळी साधली. मग बाकीच्या मोटरी एकेक करून खोलून, आतल्या तारेवरून कुठली कुणाची ते ओळखायला बसली. तिच्या दुकानाचं नाव धुळीला मिळणार, आता लोक दुसरीकडे जाणार, अशी मला भीती होती. लोक तिथेच बसून राहिले आणि तिचं सांत्वन करत राहिले.

"वैनी, तुमी नका मनाला लावून घिऊ. तुमचा काय दोस?"

"आमच्या घरात बी असला एक हाय."

काकवीची बरणी त्या आठवड्यात दोनदा भरली.

परवा दुकानातला फोन वाजला. विजया कामात होती, म्हणून मी उचलला.

"मालक हायत का?"

मी खुर्चीत ताठ बसलो. आवाज जरा जड केला. "बोलतोय."



"मग आज ऱ्हाऊ द्या. मोटार उद्या आणतो. उद्या तुमची ड्युटी कवा असती?"

मी वेळ सविस्तर सांगितली. साप्ताहिक सुट्टीचा वारही सांगितला, म्हणजे त्या दिवशी त्यांची फेरी फुकट जायला नको. इतक्या आपुलकीने माझी चौकशी आजवर कुणी केली नव्हती.