बाळूच्या पिंपाची पहिली बाटली

“जानेवारीच्या आधी माझ्या तोंडात कोणी सुरी घालायची नाही! जा, सांग त्या डॉक्टरला!”

खैरनार बनियनवर होता, दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून ओरडत होता. खाली टॅक्सी उभी, तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमलेला; जिन्यात त्याच्या पत्नी मंगलावहिनी हॉस्पिटलची पिशवी घेऊन थांबलेल्या; आणि मी त्याच्या कमरेला मिठी घालून त्याला बाहेर ओढतोय. खिदिरपूरच्या गोदीतल्या सगळ्या क्रेन त्या सकाळी त्याचा आवाज ऐकून थांबल्या, असं मी पुढे चारचौघांत सांगत राहिलो. खरं तर त्याचे निम्मे शब्द कळतही नव्हते. जिभेच्या कडेला आलेली गाठ आता बोराएवढी झाली होती आणि ‘जानेवारी’ हा शब्द तिला अडखळत बाहेर पडत होता. टॅक्सी रिकामी परत गेली. तिच्याबरोबर ऑपरेशनची तारीखही गेली.

आता खैरनारलाही जाऊन महिना होत आला. त्याच्यावर लिहायला बसलो तर पहिल्यांदा हेच ओरडणं कानात येतं... आणि माझ्यासारख्या थापाड्या माणसाची पंचाईत अशी, की यात काही वाढवून सांगावं असं शिल्लक नाही.

शरद खैरनार दिंडोरीकडचा. कस्टम्सच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि निवृत्त झाल्यावरही खिदिरपूर सोडून गेला नाही. मी मराठी घरातला, पण जन्मानंच कलकत्तेकर, गोदीत उतरलेला माल व्यापाऱ्यांना सोडवून द्यायचा माझा धंदा. म्हणजे आमची ओळख भांडणातून झाली, हे सांगायला नको. त्याचं नाक असं होतं की हुगळीच्या मुखाशी जहाज लागलं की हा खिडकीत उभा राहून कप्तानाने सकाळी काय खाल्लं ते सांगायचा. हे मीच पसरवलं होतं, पण लोकांना पटायचं, कारण बंद कंटेनरच्या फटीशी नाक नेऊन “यात कागदावर लिहिलंय ते नाही,” असं त्याने म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. कंटेनर माझ्याच गिऱ्हाइकाचा होता. उघडला, तर खैरनार बरोबर निघाला. त्या दिवशी मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि संध्याकाळी त्याच्याच घरी मराठी जेवण जेवलो. कलकत्त्यात दुसरा मराठी माणूस म्हटल्यावर राग फार काळ परवडत नाही.

दर हिवाळ्यात एका रविवारी त्याच्याकडे वाइनची चव घ्यायचा कार्यक्रम असे. त्याच्या गावाशेजारी एक छोटी वाइनरी होती, तिथल्या पाच-सहा लाल वाइन तो मागवून घ्यायचा. कोणती कुठली हे कळू नये म्हणून बाटल्यांना माकडटोप्या घालून टेबलावर मांडायचा. कलकत्त्यात थंडी पडो न पडो, माकडटोप्या घरोघर असतातच. आम्ही पंगतीला बसल्यासारखे बसायचो: मी, वहिनी आणि खालच्या मजल्यावरचे घोषालदा, गोदीतूनच निवृत्त झालेले. दोन वाइनच्या मधे तोंड कोरडं करायला वाटीभर मुरी, म्हणजे आपले कुरमुरे. प्याला फिरवायचा, हुंगायचा, घोट जिभेवर घोळवायचा आणि शेजारच्या पातेल्यात थुंकायचा, अशी खैरनारची शिस्त. घोषालदांनी ती एकदाही पाळली नाही. “थूकने के लिए पिएगा क्या, शरद?” असं म्हणून ते गिळून टाकायचे आणि प्रत्येक वाइनला एकच शेरा द्यायचे, की ही त्यांच्या आईच्या हातच्या बोरांच्या लोणच्यासारखी लागते. खैरनार डोक्याला हात लावायचा. मग स्वतः डोळे मिटून सांगू लागायचा, आणि आम्ही तिघं गप्प होऊन ऐकायचो. वाइन मला आजवर कळलेली नाही. त्याचं सांगणं मात्र प्यायल्यासारखं चढायचं.

गावाकडची द्राक्षबाग त्याचा धाकटा भाऊ बाळू बघायचा. ती खायच्या द्राक्षांची बाग उपटून वाइनची काळी द्राक्षं लावायला खैरनारनेच त्याला भरीला घातलं. त्यावरून घरात आग लागली. त्यांचे वडील, बापू, त्यानंतर बाळूशी बोलले नाहीत ते अगदी शेवटपर्यंत. एका घरात राहून, एका ताटाशेजारी बसून बोलले नाहीत. गावानेही बाळूला वेड्यात काढलं. पहिली काही वर्षं त्याची द्राक्षं वाइनरीच्या मोठ्या टाकीत इतरांच्या मालात मिसळून गेली. गेल्या हंगामात मात्र वाइनरीवाल्यांनी त्याच्या एकट्याच्या द्राक्षांचं वेगळं पिंप भरलं. ते जानेवारीत उघडायचं ठरलं होतं. वाइनरीवाले कौतुक करायचे, पण बाळूचं एकच पालुपद: दादा काय म्हणतो ते महत्त्वाचं.

आणि दादाच्या जिभेवर दसऱ्याच्या सुमारास ती गाठ निघाली. आधी दात घासतो म्हणून दात घासून घेतला, मग मध लावला, मग तपासणी झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की जीभ जवळपास सगळी काढावी लागेल, आणि आत्ता काढली तर माणूस वाचेल. खैरनारने ऐकून घेतलं आणि बाळूला यातलं अक्षर कळता कामा नये, अशी मला आणि वहिनींना शपथ घातली. मग तारखा पुढे ढकलणं सुरू झालं. मी वाइनरीत फोन करून पिंपातून एक नमुना काढून पाठवा म्हणालो, तर खैरनारने माझ्या हातून फोन हिसकावून घेतला. कच्च्या वाइनवर मी मत देत नाही, म्हणाला. वहिनींनी एक दिवस जेवण सोडून पाहिलं. तोही त्यांच्याबरोबर उपाशी राहिला. नाहीतरी खाणं त्याचं जवळपास थांबलंच होतं.

जानेवारीत बाटली आली ती देवळालीच्या छावणीतून इथल्या फोर्ट विल्यमला बदली झालेल्या एका मेजरच्या सामानातून. एकच बाटली, त्यामुळे लपवायचं काही नव्हतं, तरी खैरनारने तिलाही माकडटोपी घातली. चार प्याले भरले. मुरीची वाटी त्याच्यापुढे ठेवली, ती त्याने सरकवून दिली. प्याला नाकाशी नेऊन तो इतका वेळ बसला की मला वाटलं झोप लागली. मग घोट घेतला. जिभेवरची ती जखम, त्यावर लाल वाइन... त्याने डाव्या मुठीत टेबलक्लॉथ असा आवळला की माझा प्याला कलंडला. पण तो थुंकला नाही. सगळी शिस्त मोडून त्याने तो घोट गिळला आणि वहिनींना म्हणाला, “लाव फोन.”

फोनवर तो शब्द वेगळे वेगळे करून बोलला, मुलाला पाढे शिकवावेत तसा. “बाळू... आधी जांभूळ लागतं. मग मिरी. आणि शेवटी, गिळल्यावर... बापूंची तंबाखूची डबी उघडली की यायचा ना, तो वास.” मग बाळूने विचारलं, तू असा काय बोलतोयस. “थंडी आहे रे इथे,” खैरनार म्हणाला. “चांगली झालीय. फार चांगली झालीय.” घोषालदांचा प्याला रिकामा झाला होता, पण त्यांनी लोणच्याचं नाव काढलं नाही. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी माझा प्याला पुन्हा भरून घेतला. त्यात मला जांभूळही सापडलं आणि तंबाखूही. खैरनारने सांगितल्यावर मला कधीही काहीही सापडायचं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी टॅक्सीत जाऊन बसला. पण गाठ तोवर गळ्यात उतरली होती. जीभ काढली, पण त्याचा उपयोग झाला नाही. बाळूचे फोन वहिनीच घेऊ लागल्या, दादाचा घसा बसलाय म्हणून. त्यानंतर तो पाटीवर लिहून बोलायचा, म्हणजे मुख्यतः माझ्या थापा खोडून काढायचा. मी काहीही सांगू लागलो की पाटीवर उमटायचं: खोटं. शेवटी शेवटी खडू उचलायचीही ताकद राहिली नाही. मी शेजारी बसून तासन् तास वाटेल ते सांगत राहिलो, आणि मला कोणी अडवलं नाही.

बाळू तेराव्याला आला तेव्हा त्याला सगळं कळलं: गाठ, तारखा, रिकामी परत गेलेली टॅक्सी. उन्हाने रापलेला तो दांडगा माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून राहिला. मग त्याने विचारलं, “वहिनी, त्या दिवशी दादाला चव लागली ना नीट?”

वहिनी भात उतरवत होत्या. बाळू शाळेत असताना त्या लग्न होऊन घरात आल्या, त्याला त्यांनी हाताने भरवलंय. “नाही,” त्या म्हणाल्या. “दिवाळीपासून त्यांना मीठसुद्धा कळत नव्हतं.”

“मग ऑपरेशन सोडून थांबला कशासाठी तो?”

“चांगली झालीय, हे तुला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं त्यांना,” वहिनी म्हणाल्या.