आधी साखर, मग भांडण

आमच्या घरात मी रागावले की साखर येते. म्हणजे खरोखरची, स्टीलच्या डबीतली, चमच्यासकट. नवरा डबी पुढे करतो आणि म्हणतो, "पहले ये खा ले, मग भांड." तो मूळचा सांगलीचा. इथल्या कॉलेजात शिकवायला आला आणि माझ्यापेक्षा पक्का इंदुरी झाला.

त्याचंही अगदीच चुकत नाही. मी शाळेत असताना माझ्याच शरीराने माझ्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. टाइप वन डायबिटीस. तेव्हापासून सुई माझ्या सोबतीला आहे. इन्सुलिन थोडं जास्त झालं की रक्तातली साखर घसरते. पूर्वी ती सांगूनसवरून घसरायची. हात थरथरायचे, घाम फुटायचा, पोटात आग पडायची. वर्षं गेली तशा या खुणा एकेक करून मुक्या झाल्या. आता एकच उरली आहे: साखर उतरली की मी खेकसते. आणि मी तर जन्मापासूनच खेकसणारी. हिचा राग नाकाच्या शेंड्यावर, असं आई पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची. मग कुठला राग माझा आणि कुठला साखरेचा, हे ओळखायचं कुणी? दंडावर लावायचा सेन्सर वापरून पाहिला, तर कातडीवर चट्टे उठले. त्यामुळे ऐन भांडणात नवरा म्हणणार, बोट पुढे कर, टोचून बघू. मुद्दा राहतो बाजूला आणि मी बोट दाबत बसते.

मी अन्नपूर्णा मंदिराकडच्या एका शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात सातवीची सहल मांडूला निघाली आणि सोबत जाणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, नवऱ्याने मोठ्या बाईंना परस्पर फोन केला होता. "मॅडमजी, इनको रहने दीजिए, रास्ते में कुछ हो गया तो?" घरी येऊन मी कडाडून भांडले. डबी आली. बोट टोचलं. साखर उत्तम होती.

"बघ," मी म्हटलं, "हा राग अस्सल आहे. यापुढे मी चिडले की साखर आणायची नाही. गुपचूप ऐकून घ्यायचं."

तो बिचारा ऐकून घ्यायला लागला. तेच नडलं.

रविवारी सकाळी इंदुरात पोहे-जिलबी घरी करायची नसते, नाक्यावरून आणायची असते. अशाच एका रविवारी तो पिशवी घेऊन निघाला आणि मी लगेच इन्सुलिन टोचून घेतलं, कारण पोहे आता येतीलच. पोह्यांच्या ठेल्यावर गेलेला माणूस वेळेत परततो, असा भरवसा खरं तर कुठल्याच इंदुरी बाईने धरू नये. त्याला कुणीतरी भेटलं, "अरे भिया, बैठो तो सही" झालं, आणि तो बसला. मी म्हणे फोन करून त्याला वाट्टेल ते बोलले. शेवटी "आता येऊच नकोस" असंही म्हणाले. मला यातलं काही आठवत नाही, हे सगळं त्याने नंतर सांगितलं. त्याने आपला शब्द पाळला. हिचा राग निवू दे, म्हणून आणखी थोडा वेळ तिथेच थांबला. परतला तेव्हा मी दाराशी जमिनीवर पडले होते. त्याने जिलबीचा पाक बोटाने माझ्या गालाच्या आतून चोळला आणि मला उचलून दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांकडून मी पेशींच्या रोपणाबद्दल पहिल्यांदा नीट ऐकलं. मृत दात्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके वेगळे काढतात आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून आत सोडतात. तिथे ते रुजले, तर स्वतःच इन्सुलिन बनवू लागतात. काहींची सुई सुटते, काहींची नाही. शरीराने ते परके पुंजके मारू नयेत म्हणून औषधं मात्र घेतच राहायची, आणि ती औषधंही साधीसुधी नव्हेत.

"सबसे बड़ी बात," डॉक्टर म्हणाले, "शुगर गिरती है तो बहुतों को फिर से पता चलने लगता है."

मी विचारलं, कधी? कुठे?

"डोनर कम हैं, सेंटर गिने-चुने. अभी तो मॅडमजी, राह देखिए."

घरी येताना रिक्षा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या नदीकाठच्या समाध्यांसमोरून गेली. कॉलेजात असताना मी तिथल्या पायऱ्यांवर एकटी जाऊन बसायचे. हात थरथरायला लागले की पर्समधून संत्र्याची गोळी काढायची, चघळायची आणि थरथर ओसरेपर्यंत नदीकडे बघत राहायचं. तेव्हा त्या थरथरीला मी शिव्या घालायचे. आता तिच्यासाठी जीव तुटतो. लोकांना वाटतं, हिला जिलबी हवी असेल. जिलबी गेली चुलीत! मला माझे हात पुन्हा थरथरायला हवे आहेत. कुणी माझ्यावर नजर ठेवून नसताना कुठेतरी एकटीने बसायचं आहे. मनसोक्त चिडायचं आहे, आणि तो राग माझाच आहे हे बोट न टोचता कळायला हवं आहे. माझी ही इच्छा कुणा अनोळखी माणसाच्या मरणावर टेकलेली आहे, हेही मला कळतं. म्हणून ती देवापुढेसुद्धा मोठ्याने बोलवत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेची मांडूची सहल पुन्हा ठरली. यंदा मी जाणार, असं मी जेवताना सांगितलं. तो नाही म्हणाला. मी ताटावरून ताडकन उठले आणि ओरडले. तो डबीकडे धावला, ती उचलली आणि मध्येच थांबला. साखर द्यावी तर मी दुखावणार. न द्यावी तर काय होतं, ते त्याने दाराशी पाहिलं होतं. तो ना पुढे येत होता, ना मागे जात होता. त्याचा हात थरथरत होता आणि चमचा डबीवर वाजत होता.

राग माझाच होता. निदान मला तसं वाटत होतं.

मी आ केला. त्याने चमचाभर साखर माझ्या तोंडात घातली. ती विरघळेपर्यंत तो डबी धरून उभा होता. साखर संपली, राग तसाच होता. मग मी म्हटलं, "आता ऐक."